काजळी कुणी सांडली

सासरी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिनं अख्खा हंगाम फडक्यानं पुसून टाकायला घेतला होता.

त्याचं झालं असं. तिची सासू रेशीमशाळेत कामाला होती. रेशीमशाळा म्हणजे काही पाटी-पुस्तकाची शाळा नव्हे. रेशमाच्या अळ्या वाढवायची ती लांबच लांब पत्र्याची इमारत. एका टोकाला तुतीच्या पानांची कोठी, मधे मोठ्या अळ्यांच्या चार खोल्या, पलीकडच्या टोकाला कोष उकळून धागा काढायची शेड, आणि सगळ्यांपासून फटकून, झाडाच्या सावलीत, एक छोटी खोली. तिला म्हणायचे बाळखोली. अंडी तिथं फुटायची आणि निघालेल्या अळ्या पहिले दहा-बारा दिवस तिथंच राहायच्या. त्या खोलीची किल्ली सासूच्या कमरेला असायची आणि सासू आंघोळीलासुद्धा ती काढायची नाही, असं शाळेतल्या बायका म्हणत.

नवी सून घरात बसून काय करणार, म्हणून सासूनं तिला हाताशी नेलं. सकाळची वेळ. टेबलावर पांढरे कागद पसरलेले आणि कागदांवर ही काळी भुकटी. पोरगी माहेरी कंदिलाच्या काचा पुसून पुसून मोठी झालेली. तिनं लगेच कोपऱ्यातलं फडकं उचललं आणि म्हणाली, "अगं बाई, ही काजळी कुणी सांडली?"

सासूनं झडप घालून तिचं मनगट धरलं. इतकं घट्ट, की बांगडी वाकडी झाली. मग तिचं डोकं मागून धरून कागदावर वाकवलं. तेव्हा पोरीला दिसलं, की काजळी चालत होती.

खिडकीच्या जाळीला नाक लावून धाकटा दीर उभा होता, आठ वर्षांचा. तो हसत हसत खालीच बसला. संध्याकाळपर्यंत गल्लीत एक घर उरलं नाही जिथं बातमी पोचली नव्हती, की आमची वहिनी काजळी पुसायला निघाली होती. तेव्हापासून तिचं नाव पडलं काजळी. चिडवायला म्हणून पडलं आणि चिकटलं ते चिकटलंच. नवराही त्याच नावानं हाक मारायचा. मोठी झाल्यावर काजळीवहिनी, आणखी मोठी झाल्यावर काजळीआक्का.

आणि नाव तिला एकटीला चिकटलं नाही. त्याआधी त्या नुकत्या जन्मलेल्या जिवांना शाळेत काही नावच नव्हतं. बायका नुसतं विचारायच्या, "फुटली का?" आणि दुसरी म्हणायची, "फुटली." त्या दिवसानंतर विचारायला लागल्या, "काजळी पडली का?" आधी हसण्यावारी, मग सवयीनं. पुढच्या हंगामाला मुकादमानं फळ्यावर खडूनं लिहिलं, काजळी सोमवारी. पानांच्या गाडीवाल्यांनी तो शब्द दुसऱ्या शाळांत नेला. तिची चाळिशी उलटल्यावर लांबच्या एका शाळेतून बदलून आलेली बाई तिलाच शिकवायला लागली, "आमच्याकडे काजळीला पान कसं बारीक चिरतात, बघा आक्का, जुनी पद्धत आहे, जुना शब्द आहे." काजळीनं मान डोलावली. घरी आल्यावर मात्र ती एकटीच बराच वेळ हसत होती. पोरं-बाळं झाली नाहीत, घर भाड्याचं, अंगावर मिरवायला काही नाही. पण आपण जगात एक शब्द घातला, हे तिला मनातून फार गोड वाटायचं. कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगणार काय, की मी मूर्खपणा केला आणि त्याचा शब्द झाला?

ते जाणणारा एकच माणूस होता. तो खिडकीतला दीर.

आठ वर्षांच्या त्या दिराला ती रीतीप्रमाणे भाऊजी म्हणायची आणि अहो-जाहो करायची, त्यामुळे तो कायम फुगलेला असायचा. तिला अक्षरं त्यानं शिकवली. अंडी फुटून गेलेले कागद वाया जायचे, त्यांच्या पाठीवर तो संध्याकाळी क, ख, ग काढून द्यायचा आणि छडी म्हणून हातात तुतीची फांदी घ्यायचा. वहिनी चुकली की फांदी जमिनीवर आपटायची, हा त्याचा आवडता भाग. असं करत करत ळ पर्यंत आले. ळ तिला लवकर आला, कारण तो तिच्या नावात होता. तेवढ्यात भाऊजींना पुढच्या शिक्षणासाठी मोठ्या गावी पाठवायचं ठरलं. जायच्या दिवशी तिनं आठवण केली, की अजून दोन राहिलीत. तो म्हणाला, "क्ष आणि ज्ञ तुला लागायची नाहीत वहिनी. ती मोठ्या शब्दांत येतात."

ते तिनं मान्य केलं. मोठ्या शब्दांशी तिची गाठ पडणार तरी कुठं.

सासू गेली आणि किल्ली काजळीकडे आली. मग बाळखोलीचं दार काय असतं ते लोकांना कळलं. सासू कडक होती, ही त्याच्या वर. अळ्यांच्या काजळीचा जीव म्हणजे फुंकर मारली तर गेला. कुठलाही उग्र वास तिला चालत नाही. आत जाणारानं आंघोळ करायची, डोक्याला वासाचं तेल नाही, अंगाला बाम नाही, बाहेरची चप्पल बाहेर, खोलीचे धुतलेले कपडे वेगळे, आणि दारातल्या नळावर साबणानं कोपरापर्यंत हात तीनदा धुवायचे. दोनदा धुवून चालत नाही का, असं एकीनं विचारलं होतं. काजळी म्हणाली, "पहिल्यांदा हात धुतले जातात, दुसऱ्यांदा साबणाचा वास जातो, तिसऱ्यांदा तुझा आळस जातो." तंबाखूवाल्याला तर दाराशी उभंही करायची नाही. तंबाखूच्या बोटानं पानाला नुसता हात लावला आणि ते पान अळ्यांनी खाल्लं, की खेळ खलास. मुकादम ओढायचा, म्हणून बिचारा पंचवीस वर्षं झाडाखाली उभा राहून ओरडून बोलायचा. एकदा खुद्द मालक केसांना सुगंधी काहीतरी चोपडून पाहुण्यांना खोली दाखवायला आले होते. काजळीनं दार अडवलं आणि म्हणाली, "मालक, तुमच्या घरी मी अशी आले तर चालेल का?" मालक पाहुण्यांसकट परत गेले. रागावले, पण त्या वर्षी तिच्या काजळीतली शंभरातल्या दोनसुद्धा मेल्या नाहीत, त्यामुळे राग गिळला.

मधल्या काळात पानांची गाडी हाकणारा नवरा छातीच्या दुखण्यानं गेला. भाऊजी कोशाच्या कचेरीत लागले. शब्दांचं भलं मोठं पुस्तक करायचं काम, कितीतरी खंडांचं. वर्षा-दोन वर्षांतून एखादं पत्र यायचं, ती ते अक्षर अक्षर लावून वाचायची. येणं मात्र नाही.

आले ते तीस-बत्तीस वर्षांनी. एका दुपारी दारात उभे, केस पिकलेले, काखेत वही. ती इतकी गडबडली, की आधी साखर टाकली आणि मग पातेल्यात पाणी नाही हे बघितलं. भाऊजींना तिची आठवण आली होती हे खरं, पण कामातून आली होती. त्यांच्याकडे सुरवंट हा शब्द आला होता. त्याचा अर्थ आणि त्याचं मूळ लिहायचं होतं. अर्थ सोपा वाटला होता. मूळ मात्र सापडेना, विद्वानांत जो तो आपापलं सांगतो म्हणाले. मग वाटलं, की जन्मभर अळ्यांत राहिलेलं माणूस आपल्या घरातच आहे, त्याला विचारावं.

"तू रेशमाच्या अळीला सुरवंट म्हणतेस का वहिनी?"

"छे हो. सुरवंट तो केसाळ. अंगावर पडला तर दोन दिवस खाजवत बसायचं. आमच्या बिचाऱ्या गुळगुळीत, कुणाच्या अध्यात ना मध्यात."

भाऊजींनी ते लिहून घेतलं. मग गंमत म्हणून सांगितलं, की लांबच्या मुलखातल्या एका जुन्या भाषेत सुरवंटाला केसाळ मांजर म्हणत, आणि तोच शब्द घासून घासून पुढं दुसऱ्या भाषेत गेला.

काजळीनं विचार केला. "मग त्या लोकांनी त्याच्यावरून हात फिरवला नसणार," ती म्हणाली. "लांबून नाव ठेवलं."

भाऊजी मोठ्यानं हसले, तिला ते जाळीतलं हसणं आठवलं, आणि तिला वाटलं, अजून काहीतरी द्यावं ह्यांना. लहान मूल घरी आलं, की आपण डब्यात हात घालतो तसं. तिच्या डब्यात एकच वस्तू होती.

"एक सांगू का भाऊजी? आमच्यासुद्धा जन्मतात तेव्हा सुरवंटच असतात. दोन दिवस. भिंग लावलं की दिसतं, अंगभर काळे केस. तिसऱ्या दिवशी मोठ्या होतात आणि केस दिसेनासे होतात. मग कुणाला पटत नाही, ही कधी केसाळ होती म्हणून."

भाऊजींनी पेन खाली ठेवलं. "हे मी कुठंच वाचलेलं नाही," ते म्हणाले. उद्या सकाळी नव्या कागदांवरची अंडी फुटणार होती. म्हणून मुक्काम केला. संध्याकाळी पायरीवर बसून एकामागून एक सिगारेटी ओढत ते तिला पुस्तकाची रचना समजावून देत होते. सगळे शब्द अक्षरांच्या रांगेत बसतात. सुरवंट स चा, म्हणून त्याचा खंड अगदी शेवटी. आणि क चा खंड त्याच्या कितीतरी आधी.

"काजळी क मध्ये येतो," ती म्हणाली.

तिच्या तोंडून ते निघून गेलं खरं, आणि मग तिला लाज वाटली. पण भाऊजी एकदम सरळ बसले. "येतो की. आणि त्याचं मूळ मला माहीत आहे. मी डोळ्यांनी बघितलंय. वहिनी, असा शब्द हजारात एक मिळतो, ज्याचा जन्म कुणीतरी पाहिला. मी लिहिणार, की हा अर्थ अमुक बाईनं दिला. तुझं नाव घालून. काजळी नव्हे, खरं नाव. कागदावरचं."

कागदावरचं नाव इतकी वर्षं कुणी घेतलं नव्हतं, की आठवायला तिलाच क्षणभर थांबावं लागलं. रात्री तिनं ते अंधारात दोन-तीनदा उच्चारून बघितलं. दुसऱ्याच कुणाचं तरी वाटत होतं.

सकाळी भाऊजींना तिनं आंघोळ करायला लावली, वासाचा साबण काढून घेतला, नवऱ्याचे धुतलेले कपडे दिले. सगळं यथासांग. आणि शाळेच्या वाटेवर, चहा झाला म्हणून, त्यांनी एक पेटवली. ती पुढं चालत होती. वास आला तेव्हा वळून बघितलं, तर ती संपलीसुद्धा होती.

नळाशी भाऊजींनी पाण्याखाली हात धरले न धरले आणि पंच्याला पुसले. साबण कोरडाच. काजळी दारात उभी. जिभेवर वाक्य तयार होतं, हजारदा वापरून गुळगुळीत झालेलं. मालकाला म्हणाली होती ती. पण समोर भाऊजी होते, कचेरीतले, ज्यांच्या वहीत काल रात्री तिचं नाव लिहिलं गेलं होतं, आणि आत कागद फुटायला लागले होते, त्यांना थांबा म्हणता येत नाही. ती म्हणाली, "हात धुतले ना?"

"धुतले."

तिनं दार सोडलं.

पुढचा अर्धा तास तिच्या आयुष्यातला फार सुखाचा होता, हेही सांगायला पाहिजे. भाऊजींनी भिंगातून बघितलं आणि श्वास रोखून म्हणाले, "केस आहेत. वहिनी, खरंच केस आहेत." वहीत चित्र काढलं. मग पान चिरायच्या पाटाकडे लक्ष गेलं आणि म्हणाले, लहानपणी आईनं मला कधी आत येऊ दिलं नाही, आज पहिलं पान मी चिरणार. सुरी उचलली. कोवळी पानं डाव्या हाताच्या बोटांखाली दाबली. त्या बोटांची टोकं पिवळी होती, हळदीसारखी. काजळीनं ती बघितली. पानं त्यांखाली बारीक होत गेली, आणि ती बघत राहिली. पाठीमागं तिची हाताखालची बाई, जिला सगळे घारी म्हणत, परड्या पुसत होती. तिनंही बघितलं. दोघींची नजरानजर झाली. काजळीनं आपली नजर वळवली आणि ते पान सगळ्या कागदांवर भुरभुरलं.

भाऊजी दुपारच्या गाडीनं गेले.

संध्याकाळी कागदांवरची काजळी पान खाईना. माना वर करून नुसती उभी, जशी कुणाची तरी वाट बघतेय. मग तोंडातून तपकिरी थेंब. जे काय करता येतं ते तिनं केलं. ते पान काढलं, खिडक्या उघडल्या, कोठीतून नवं पान आणून स्वतः चिरलं. घारी म्हणाली, "आक्का, घरी जाऊन पडा थोडं, मी बघते." ती हलली नाही. उजाडलं तेव्हा कागदांवर काहीही चालत नव्हतं. पांढऱ्या कागदांवर काळी भुकटी, आणि ती आता खरीच काजळी होती.

मुकादम झाडाखालून ओरडायचं सोडून पहिल्यांदा दारापर्यंत आला. आता यायला हरकत नव्हती. हंगाम बुडाला होता. चारही मोठ्या खोल्या दीड महिना रिकाम्या राहणार होत्या. त्यानं एकच विचारलं, की आत कोण आलं होतं.

इथं तिला सांगता आलं असतं. खरं तर तेच सरळ होतं. पण तिला माहीत होतं पुढं काय होणार. मालक कचेरीला पत्र लिहिणार, कचेरीत भाऊजींची नाचक्की होणार, आणि ज्या बाईपायी ती झाली त्या बाईचा शब्द कोण कशाला छापेल? खोली तर हातची गेलीच होती. शब्द तरी राहावा.

"कुणी नाही," ती म्हणाली. "माझीच चूक. बामाचं बोट होतं, धुवायला विसरले."

घारी परड्या मोजत होती. ती मोजतच राहिली. मुकादमाला ते पटलं की नाही कोण जाणे, पण लगेच मान्य झालं. एवढ्या वर्षांत ज्यांना ज्यांना तिनं दारातून परत पाठवलं होतं, त्या सगळ्यांना ते लगेच मान्य झालं. मालक तर म्हणाले म्हणतात, की दुसऱ्याला आंघोळीला पाठवणारांनी स्वतः आंघोळ करावी. मुकादम जाताना एवढंच म्हणाला, की ते कागद पुसून घ्या.

तिनं कोपऱ्यातलं फडकं उचललं. मनगट धरायला आता कुणी नव्हतं.

किल्ली घारीला मिळाली. गप्प बसणाऱ्या बाईला काही ना काही मिळतंच. घारी वाईट नव्हती, किल्ली घेताना रडलीसुद्धा, पण घेतली. आणि काजळीला काढून टाकलं नाही, मालक दयाळू होते. तिला उकळीच्या शेडमधे टाकलं.

चाळीस वर्षं त्याच आवारात काढून ती त्या शेडमधे कधी गेली नव्हती. बाळखोलीच्या बायकांनी तिकडं जायचं नाही अशी रीत होती, आणि काजळीनं ती आनंदानं पाळली होती. अळ्या मोठ्या खोल्यांत गेल्या, की काजळीचं काम संपायचं. पुढचं बघायचं नाही. आता बघायला मिळालं. कोष गरम पाण्याच्या कढईत टाकायचे, आतल्या जिवासकट, काडीनं ढवळायचे, सैल झालेल्या धाग्याचं टोक बोटांनी शोधायचं आणि चरख्याला लावायचं. धागा सरसर निघत जातो आणि शेवटी पाण्यात एक उकडलेला तपकिरी गोळा उरतो, बोटाच्या पेराएवढा. तो चाळणीनं काढून डब्यात टाकायचा. बोटं पांढरी पडतात, फुगतात, सुरकुततात. वास कपड्यांतून जात नाही. पहिल्या दिवशी शेजारच्या कढईवालीनं विचारलं, "आक्का, ओळखीचं कुणी दिसतंय का ह्यात?" आणि सगळ्या हसल्या. चांगल्या बायका होत्या. रोज ते काम करायचं तर हसायलाच लागतं.

चार वर्षं. रोज कढई, वाफ, चाळणी. कधीमधी आवारात कुणीतरी कुणाला तरी विचारायचं, "काजळी पडली का?" आणि तिचा हात पाण्यातच क्षणभर थांबायचा. शब्द जिवंत होता. कुठंतरी तो छापला जात होता, तिच्या नावासकट. त्यासाठी तर सगळं. शेडमधल्या बायकांना तिनं एकदा बोलता बोलता सांगितलं, की माझं नाव पुस्तकात येणार आहे. कढईवाली म्हणाली, "कशाबद्दल? बामाबद्दल?" मग तिनं परत सांगितलं नाही.

भाऊजी खंड घेऊन स्वतः आले. जाडजूड पुस्तक, कडक पुठ्ठा, सोनेरी अक्षर. चहा होईपर्यंत त्यांनी कचेरीच्या गोष्टी सांगितल्या. ती शेडमधे काम करते हे त्यांना माहीत नव्हतं. वय झालं म्हणून बैठं काम घेतलं, असं ती म्हणाली, आणि त्यांना बरं वाटलं. पुस्तकात कागदाची खूण घातली होती. पण ती त्यांना ते उघडू देईना. हात पुसले, चष्मा लावला आणि बोट ठेवून स्वतः वाचायला लागली. भाऊजी थांबले. त्यांनीच शिकवलं होतं, वेळ लागणार हे माहीत होतं.

काजळी. एक, दिव्याचा धूर बसून धरलेला काळा थर. ते राहू दे. दोन. रेशमाच्या नुकत्या फुटलेल्या अळ्या. रेशीमशाळांतील अशिक्षित बायकांच्या बोलण्यात. ते तिनं दोनदा वाचलं. मधलं एक अक्षर तिला कुणी शिकवलं नव्हतं, तरी आजूबाजूच्यांवरून अंदाजानं लागलं. मग एक शेवटची ओळ, छोटी. हा अर्थ कसा आला ते, आणि पुढचा शब्द लागेना. अ दिसत होता. शेवटचा त दिसत होता. मधे काहीतरी गाठोडं होतं.

तिला वाटलं, त्या गाठोड्यात आपलं नाव असेल. मग लक्षात आलं, की आपल्या नावात असलं अक्षर नाही.

"हे कुठलं अक्षर भाऊजी?"

भाऊजींनी वाकून बघितलं. "ज्ञ," ते म्हणाले. "अज्ञात. म्हणजे माहीत नाही."

"कुणाला माहीत नाही?"

भाऊजी बरंच बोलले. समिती असते. दर शब्दाला पुरावा लागतो, लेखी, छापील. कुणीतरी स्वतः पाहिलं एवढ्यानं होत नाही, त्यातून सांगणारा घरचा, म्हणजे तो मीच, मग लोक म्हणणार घरच्यांची नावं घुसवतो. मी भांडलो वहिनी, तुझी शपथ भांडलो. नाव गेलं, पण शब्द ठेवला. शब्द राहिला हे काय थोडं आहे. आणि ती केसांची गोष्ट सुरवंटाच्या खंडात नक्की घेणार आहे, तिचं चित्र आहे, तो पुरावा झाला.

ती ऐकत होती. तिला ते सगळं समजलं, कारण समजायला अवघड त्यात काही नव्हतं. कपात चहा निवत होता. भाऊजींच्या खिशात पाकीट होतं, कापडातून त्याचे चार कोपरे दिसत होते.

"भाऊजी," ती म्हणाली, "त्या सकाळी तुम्ही पान चिरलंत, त्यानं सगळी काजळी मेली. मुकादमानं विचारलं, कुणाचा हात. मी म्हटलं, माझा. मला कुणी पुरावा मागितला नाही."

भाऊजींनी आपल्या बोटांकडे बघितलं. मग ती बोटं मुठीत घेतली, लहानपणी शाई सांडल्यावर घ्यायचे तशी. शेवटी अपराध कुठंतरी ठेवायला जागा हवी म्हणून असेल, किंवा दुसरं काही सुचलं नाही म्हणून, त्यांनी वही काढली. पुढच्या खंडात करता येईल काहीतरी, ते म्हणाले. शेडमधले शब्द कुणीच गोळा केलेले नाहीत. तो उकडलेला जीव कढईतून काढतात, त्याला तिथं काय म्हणतात? ह्या वेळी मी तारीख घालून, तुझी सही घेऊन लिहितो. पक्कं करतो.

कढईवाल्या बायकांनी त्याला एक नाव ठेवलं होतं. काजळीला ते माहीत होतं. पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, आणि ते कसं पडलं, कुणावरून पडलं, हेही.

"काही म्हणत नाहीत," ती म्हणाली. "अज्ञात लिहा."

भाऊजींनी वही मिटली. जाताना ते वाकून पाया पडले आणि तिनं नेहमीसारखं, जपून जा, पोचल्याचं पत्र टाका, असं म्हटलं. पुस्तक ते ठेवून गेले. तिच्यासाठीच आणलं होतं.

ते गेल्यावर तिनं ते उचललं. जड होतं. पानापानाला तंबाखूचा वास येत होता. घरात ठेवणं तिच्यानं होईना, म्हणून तिनं ते बाहेर खिडकीच्या कट्ट्यावर नेऊन ठेवलं आणि मोरीत जाऊन साबण घेतला. कोपरापर्यंत हात धुतले. पुन्हा साबण लावला, पुन्हा धुतले. दुसऱ्यांदा पाणी ओतताना तिला आठवलं, की आता कुठल्या दारातून आत जायचं नाही, उद्या सकाळी हेच हात कढईत घालायचे आहेत. ती तांब्या धरून तशीच उभी राहिली. मग तिनं साबण तिसऱ्यांदा लावला.